भंगारातला कोबाल्ट आणि सरकारची नवी नोंदवही

आमच्या वस्तीत एक मावशी आहेत. अकरा वर्षे त्या एका रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात आया म्हणून काम करतात. या अकरा वर्षांत तीन कंत्राटदार बदलले, काम तेच राहिले. लादी पुसायची, पेशंटला टेबलावर चढवायचे, उतरवायचे. लहान मूल रडायला लागले, हलायला लागले, की आतून हाक येते, "मावशी, जरा धरा याला." मावशी मुलाचे हात धरतात. खट्ट आवाज होतो. झाले.

परवा आम्ही त्यांना सहज विचारले, "मावशी, तिथल्या टेक्निशियनच्या खिशाला एक छोटा बिल्ला लावलेला असतो, तो कशाचा?"

त्या म्हणाल्या, "असेल त्यांच्या ओळखीचा. आम्हाला कोण देतंय बिल्ला?"

तो बिल्ला ओळखीचा नाही. अंगावर किती किरणे पडली हे मोजणारा तो बिल्ला आहे. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो, मोजला जातो आणि आकडा सरकारी नोंदीत चढतो. त्या खोलीतल्या यंत्राची नोंद सरकारकडे असते आणि टेक्निशियनचीही असते. अकरा वर्षे मुलांचे हात धरणाऱ्या मावशींची नोंद मात्र कुठेच नाही.

या महिन्याचे आरोग्याचे पान आम्ही त्या नोंदवहीसाठी ठेवले आहे. नोंदवही म्हणजे कागदपत्र, आणि कागदपत्र म्हणजे साहेब लोकांचा विषय असे आपल्याला वाटते. पण ही वही अपुरी राहिली तेव्हा भंगाराच्या दुकानात काम करणारा एक मजूर मेला. म्हणून हा विषय आपला आहे.

किरणे कुठे कुठे असतात

आधी एक फरक नीट समजून घेऊ, कारण वस्तीत याबद्दल फार गैरसमज आहेत.

एक्स-रे आणि सीटी स्कॅनची यंत्रे विजेवर चालतात. बटण दाबले की किरणे निघतात, सोडले की थांबतात. यंत्र बंद असताना त्यातून किरणे येत नाहीत. एक्स-रे काढून आलेल्या माणसाच्या अंगात किरणे साठून राहत नाहीत, त्याच्या शेजारी बसल्याने काही होत नाही. जुने एक्स-रे यंत्र भंगारात गेले तरी त्यातून किरणे बाहेर पडत नाहीत.

दुसऱ्या प्रकारच्या यंत्रांत मात्र किरणोत्सारी पदार्थच भरलेला असतो. कोबाल्ट-६०, सिझियम-१३७, इरिडियम-१९२ ही त्यांची नावे. याला बटण नाही. वीज तोडा, यंत्र मोडा, वीस वर्षे कोपऱ्यात टाकून द्या, तो पदार्थ रात्रंदिवस किरणे सोडतच राहतो. म्हणून तो शिशाच्या किंवा पोलादाच्या जाड आवरणात बंद ठेवतात. आवरण शाबूत असेल तोवर धोका नाही. आवरण फुटले की तो पदार्थ माणूस मारू शकतो.

असा पदार्थ फक्त अणुभट्टीत असतो असे नाही. कर्करोगावर किरणोपचार देणाऱ्या रुग्णालयांत तो असतो. पाइपलाइनचे वेल्डिंग तपासणाऱ्यांच्या पेटीत असतो. पोलाद, सिमेंट, कागद यांच्या कारखान्यांत जाडी किंवा पातळी मोजणाऱ्या उपकरणांत असतो. नाशिक जिल्ह्यात लासलगावला कांद्यावर किरणांचा मारा करणारे केंद्र आहे, तिथे कोबाल्ट आहे. तुर्भ्याला इंजेक्शनच्या सुया, बँडेज असे साहित्य निर्जंतुक करायलाही कोबाल्टच वापरतात. या सगळ्यांचा उपयोग आहे आणि नीट सांभाळले तर त्यांपासून कुणाला इजा होत नाही. "नीट सांभाळणे" याचा पहिला अर्थ असा की कोणती वस्तू कुठे आहे, कुणाच्या ताब्यात आहे, हे कुठेतरी लिहिलेले असले पाहिजे.

मायापुरी, २०१०

दिल्लीच्या पश्चिम भागात मायापुरी आहे. मुंबईकरांनी कुर्ल्याचा भंगारबाजार डोळ्यांपुढे आणावा. लहान लहान गाळे, गाड्यांचे सुटे भाग, लोखंडाचे ढीग, गॅस कटर, दिवसभर हातोड्याचा आवाज.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एक जुने यंत्र पडून होते. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी कॅनडातून आणलेले, प्रयोगासाठी वापरायचे, पोटात कोबाल्ट-६०. १९८५ पासून ते वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठाने जुने सामान लिलावात काढले. त्यात हे यंत्रही गेले.

भंगार व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो उत्तम माल होता. शिसे भरपूर, आणि शिशाला भाव आहे. मायापुरीत यंत्र मोडीत काढले गेले. शिसे वेगळे केले आणि आतल्या कोबाल्टच्या कांड्या उघड्या पडल्या. त्या काय आहेत हे तिथल्या कुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. एकाने तर त्यातला तुकडा पैशाच्या पाकिटात ठेवला.

एप्रिलच्या सुरुवातीला एक दुकानदार रुग्णालयात दाखल झाला. अंगाची कातडी काळी पडलेली, केस गळालेले, जुलाब थांबेनात. डॉक्टरांना संशय आला आणि त्यांनी कळवले. अणुऊर्जा खात्याची माणसे मोजणीची उपकरणे घेऊन मायापुरीत उतरली, तेव्हा एकेका दुकानात काटा वर जाऊ लागला. तुकडे शोधून, गोळा करून नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात नेले. सात-आठ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. २६ एप्रिलला त्यांतला एक मजूर दगावला. वय पस्तीस.

कोबाल्ट-६० ची ताकद दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. चाळीस वर्षांत ती दीडशे-दोनशेव्या भागावर आली असणार. एवढी क्षीण झालेली वस्तूही माणूस मारायला पुरेशी ठरली.

त्या मजुराची चूक कोणती? काही नाही. पोट भरण्यासाठी तो रोजचे काम करीत होता. चूक ज्यांनी यंत्र विकले त्यांची होती, आणि चूक नोंदीची होती. हे यंत्र भारतात आले तेव्हा किरणांच्या वापरावर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, अस्तित्वातच नव्हते. ते नोव्हेंबर १९८३ मध्ये स्थापन झाले. मंडळाच्या जन्माआधीची यंत्रे कुठे आहेत, चालू आहेत की पडून आहेत, याचा माग ठेवणारी वही तयार झाली नव्हती. आणि पंचवीस वर्षे कोपऱ्यात पडलेल्या यंत्राच्या आत काय आहे हे विद्यापीठातल्या विकणाऱ्यांनाही आठवले नाही. माणसे निवृत्त होतात, विसरतात. म्हणून तर वही लागते.

गोयानियाची ती बाई

अशी घटना जगात पहिल्यांदा घडलेली नव्हती. ब्राझीलमधील गोयानिया शहरात एका किरणोपचार दवाखान्याने जागा बदलली आणि जुन्या जागेत सिझियम-१३७ भरलेले यंत्र मागे सोडले. सप्टेंबर १९८७ मध्ये दोन गरीब माणसांनी ते उचलले, उघडले आणि भंगारवाल्याला विकले. आतली भुकटी अंधारात निळी चमके. लोकांना नवल वाटले. नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी चिमूटचिमूट घरी नेली. मुले तिच्याशी खेळली.

माणसे आजारी पडू लागली. डॉक्टरांना कारण कळेना. ते पहिल्यांदा ओळखले भंगारवाल्याच्या बायकोने. ती वस्तू घरात आल्यापासून सगळे आजारी पडत आहेत, हे तिने ताडले. तिने ती वस्तू पिशवीत घातली, बसने सोबत नेली आणि आरोग्य खात्याच्या कार्यालयात टेबलावर ठेवली. "ही माझ्या माणसांना मारते आहे," असा तिचा सांगावा होता. तिच्यामुळे शहर वाचले. ती स्वतः वाचली नाही. चार जण मेले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात सिझियम सापडले आणि १ लाख १२ हजारांहून अधिक लोकांची फुटबॉलच्या मैदानावर तपासणी करावी लागली.

थायलंडमध्ये २००० साली असेच घडले. पार्किंगच्या जागेत पडून असलेले कोबाल्टचे यंत्र भंगारात गेले आणि तीन जण मेले. देश वेगळे असले तरी मरणारी माणसे एकाच थरातली आहेत. मोठ्या संस्थेच्या वहीतून वस्तू सुटते आणि भंगार वेचणाऱ्याच्या हातात पडते.

जुनी वही किती अपुरी होती

मायापुरीनंतर दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक म्हणजे कॅग यांनी एईआरबीच्या कामावर अहवाल दिला. त्यातले आकडे आपण प्रत्येकाने लक्षात ठेवावेत असे आहेत.

देशात ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे यंत्रे चालू होती. त्यांतील फक्त ५,२७० मंडळाकडे नोंदलेली होती. उरलेली ५२,१७३, म्हणजे शंभरातली एक्क्याण्णव, नोंदणीशिवाय चालत होती. त्यांच्या खोलीच्या भिंती किती जाड, यंत्रातून किरणे गळतात का, चालवणारा शिकलेला आहे का, हे कुणी तपासलेले नव्हते. राज्याराज्यांत किरण सुरक्षा संचालनालये उभी करावीत असा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निर्देश होता. दहा वर्षांनंतरही केरळसारखे एखादे राज्य सोडले तर बाकीकडे काहीच नव्हते.

त्याहून गंभीर ताशेरा पुढे आहे. देशातल्या सर्व किरणोत्सारी पदार्थांची तपशीलवार यादीच मंडळाकडे नाही, त्यामुळे वापर संपलेल्या वस्तूंची नीट विल्हेवाट लागते की नाही हे पाहता येत नाही, असे कॅगने म्हटले. मायापुरीत नेमके हेच झाले होते.

नवी वही: ई-लोरा

जुनी पद्धत कागदाची होती. अर्ज टपालाने यायचा, फाइल उघडायची, परवाना टपालाने जायचा. परवान्याची मुदत संपली हे ज्याचे त्यानेच लक्षात ठेवायचे. दवाखाना बंद पडला, यंत्र विकले, मालक बदलला, तरी फाइल जिथे होती तिथेच.

२०१३ च्या सुमारास मंडळाने ही पद्धत टप्प्याटप्प्याने बदलली. तिच्या जागी 'ई-लोरा' नावाची संगणकीय प्रणाली आली. मुंबईत अणुशक्तीनगरला मंडळाचे मुख्यालय आहे. तिथून, म्हणजे चेंबूर, मानखुर्द, गोवंडीच्या आपल्या वस्त्यांपासून हाकेच्या अंतरावरून, साऱ्या देशाची ही नवी वही चालते.

तिचे काम साध्या भाषेत असे. संस्था आधी स्वतःची नोंद करते. मग तिथे काम करणाऱ्यांची आणि किरण सुरक्षा अधिकाऱ्याची नोंद होते. यंत्र विकत घ्यायचे तर मंडळाने मान्य केलेलेच घ्यावे लागते, आणि विकणाऱ्याचेही नाव वहीत असते. यंत्र बसवल्यावर तपासणीचा अहवाल द्यायचा, मग ठराविक मुदतीचा परवाना मिळतो. एक्स-रे यंत्राची गुणवत्ता तपासणी किमान दर दोन वर्षांनी करायची. यंत्र मोडीत काढायचे तर त्यासाठीही परवानगी लागते. किरणोत्सारी पदार्थ असेल तर तो मूळ पुरवठादाराकडे परत जायला हवा किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी जमा व्हायला हवा. थोडक्यात, यंत्राच्या जन्मापासून मरणापर्यंतचा दाखला एका जागी.

यातली शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. जन्माची नोंद सगळे करतात, कारण परवान्याशिवाय धंदा करता येत नाही. मरणाची नोंद करण्यात कुणाचा फायदा नसतो. आणि भंगारातल्या माणसाचा जीव त्या मरणाच्या नोंदीवर अवलंबून असतो.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशालाही हे सोपे गेले नाही. तिथे आधी वर्षातून एकदा यादी गोळा करीत. म्हणजे आजची वस्तू उद्या दुसऱ्या गावी गेली तर वर्षभर पत्ता नाही. जानेवारी २००९ पासून तिथे नवी माग-प्रणाली सुरू झाली. सर्वांत धोकादायक दोन वर्गांतील प्रत्येक वस्तूचा क्रमांक तिच्यात आहे आणि वस्तू हातातून हातात गेली की दुसऱ्या कामाच्या दिवशी संपेपर्यंत कळवावे लागते. पण त्याआधी २००७ मध्ये तिथल्या सरकारी तपासनीसांनी गंमत म्हणून नव्हे, परीक्षा म्हणून खोटी कंपनी काढली, टपालाने परवाना मिळवला आणि त्यावर खाडाखोड करून हवा तेवढा माल मागवता येतो हे दाखवून दिले. तेव्हा कळले की वस्तूंची वही वेगळी, परवान्यांची वही वेगळी, आणि दोन्ही एकमेकींशी बोलत नसतील तर दोन्ही निरुपयोगी. पुढे त्यांनी परवाना खरा आहे का हे पडताळणारी व्यवस्था उभी केली.

वही बदलली. आपण तिच्यात आहोत का?

ई-लोरामुळे नोंदी वाढल्या, कारभार सुधारला, हे मान्य केले पाहिजे. पण आम्हाला तीन गोष्टी वाचकांपुढे ठेवायच्या आहेत.

पहिली. वहीला तेवढेच कळते जेवढे तिला सांगितले जाते. जो दवाखानेवाला जुन्या वहीत नव्हता तो आपणहून नव्या वहीत येईल असे नाही. संगणक गल्लीबोळ हिंडून एक्स-रेची खोली शोधत नाही. त्यासाठी माणूस पाठवावा लागतो.

दुसरी. यंत्रे आता एका जागी राहत नाहीत. क्षयरोगाच्या शोधमोहिमेत हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे वस्त्यांत येतात. ही चांगलीच गोष्ट आहे, आपल्याकडे क्षयरोग फार आहे. पण जे यंत्र आज या वस्तीत आणि उद्या त्या वस्तीत असते, त्याच्याबरोबर ते चालवणारा शिकलेला माणूस, त्याचा बिल्ला आणि शिशाचा एप्रनही आला पाहिजे.

तिसरी, आणि आम्हाला सर्वांत बोचणारी. वहीत यंत्र आहे, मालक आहे, टेक्निशियन आहे. कंत्राटी आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांना "किरणांचे कामगार" म्हणून धरलेच जात नाही. लादी पुसायला आत गेले, यंत्र बंद आहे, तर त्यांना धोका नाही, हे खरे. पण मुलाला धरायला, म्हाताऱ्याला सावरायला त्यांना बोलावले जाते तेव्हा ते किरणांत उभे असतात. कागदावर ते काम त्यांचे नाहीच.

भारतातील नियमांप्रमाणे किरणांत काम करणाऱ्याला वर्षाला सरासरी २० मिलीसिव्हर्टपर्यंत मर्यादा आहे, कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सर्वसामान्य माणसाला कामाधंद्याच्या किरणांतून वर्षाला १ मिलीसिव्हर्ट. मावशींना यांतला कोणता आकडा लागू? कामगार धरले तर बिल्ला द्या. कामगार धरत नसाल तर किरणांत उभे करू नका. तिसरा मार्ग नाही.

बिल्ला मिळालेल्यांसाठीही एक गोष्ट. बिल्ल्याबरोबर प्रत्येकाला एक कायमचा क्रमांक मिळतो. नोकरी बदलली, कंत्राटदार बदलला तरी क्रमांक तोच राहायला हवा, म्हणजे सगळ्या वर्षांची बेरीज एका जागी होते. हा क्रमांक वहीत लिहून घरी ठेवा. नव्या ठिकाणी गेलात की तोच सांगा. नाहीतर दर वेळी नवे खाते उघडते आणि मागची वर्षे हरवतात.

भंगाराचे काम करणाऱ्यांसाठी

आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरे कचरा आणि भंगार यांवर चालतात. त्यांनी हे वाचावे, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावे.

पिवळ्या पाटीवर तीन पाती असलेले पंख्यासारखे चिन्ह दिसले तर ते किरणांचे चिन्ह आहे. २००७ पासून आणखी एक चिन्ह आले आहे: लाल त्रिकोणात वरून येणाऱ्या किरणांच्या रेषा, खाली कवटी आणि पळणारा माणूस. अक्षरओळख नसलेल्यालाही "हात लावू नको, पळ" एवढे कळावे म्हणून ते काढले आहे. पण पाटी गळून पडलेली असू शकते. म्हणून आकारापेक्षा फार जड असलेली, शिशाने भरलेली, रुग्णालय, कॉलेज, प्रयोगशाळा किंवा कारखान्यातून आलेली बंद पेटी किंवा नळकांडे दिसले तर संशय घ्या.

कापू नका, ठोकू नका, गॅस लावू नका, वितळवू नका. वितळवले तर ते पोलादात मिसळते. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट सापडला, ते पोलाद भारतातून गेले होते.

लांब व्हा आणि इतरांना लांब करा. अंतर दुप्पट केले की किरणे चौपट कमी होतात, म्हणून दहा पावले मागे सरणे हेही औषधच आहे. ११२ ला फोन करा. वस्तू स्वतः उचलून पोलिसांकडे नेऊ नका. गोयानियाच्या त्या बाईला हे सांगणारे कुणी नव्हते.

आगीजवळ न जाता कातडी भाजल्यासारखी झाली, काळी पडली, उलट्या-जुलाब थांबेनात, केस गळू लागले, आणि एकाच दुकानातल्या दोघातिघांना असे झाले, तर डॉक्टरला आवर्जून सांगा: "आम्ही भंगाराचे काम करतो, अमुक वस्तू फोडली होती." हे एक वाक्य निदान आठवडाभर आधी करू शकते.

रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी

एक्स-रेच्या वेळी पेशंटला धरणे हे रोजचे काम म्हणून स्वीकारू नका. मुलाला धरायचे असेल तर शक्यतो घरच्या मोठ्या माणसाने, शिशाचा एप्रन घालून धरावे. गरोदर बाईने कधीच नाही. तुम्हालाच वारंवार धरावे लागत असेल तर बिल्ला आणि एप्रन लेखी मागा. बिल्ला छातीवर, एप्रनच्या आत लावायचा असतो. एप्रन घडी घालून ठेवू नका, टांगून ठेवा. घडीवर आतले शिसे चिरते आणि वरून दिसत नाही. दिवस गेले असतील तर लगेच कळवा. त्यावरून कामावरून कमी करण्याची भीती असेल तर एकटीने जाऊ नका, चौघी मिळून जा.

पेशंटसाठी

डॉक्टरने सांगितलेला एक्स-रे भीतीपोटी टाळू नका. छातीच्या एका एक्स-रेत ०.०२ ते ०.१ मिलीसिव्हर्ट इतकीच किरणे मिळतात. जगात माणसाला माती, हवा, आकाश यांतून वर्षाकाठी सरासरी अडीचच्या आसपास मिळतातच. क्षयरोग न सापडणे हा धोका त्याहून कितीतरी मोठा. सीटी स्कॅनमध्ये मात्र किरणे बरीच जास्त असतात, म्हणून "आधीचा स्कॅन चालणार नाही का?" असे विचारावे आणि जुने रिपोर्ट जपून ठेवावेत.

खोलीत एका वेळी एकच पेशंट असावा. दार बंद असावे. दारावर दिवा आणि पाटी असावी. बाकावर रांगेत बसलेल्यांच्या अगदी शेजारी, उघड्या दाराने एक्स-रे काढत असतील तर शांतपणे विचारा, "तुमचा एईआरबीचा परवाना कुठे आहे? दाखवाल का?" विचारणे हा गुन्हा नाही. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी असा एक अर्ज लिहून विहाराच्या फळ्यावर नमुना म्हणून लावला तरी पुष्कळ होईल.

आम्ही मावशींना हे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "अकरा वर्षांचं काय? ते कुणी मोजणार का?"

त्याचे खरे उत्तर आम्ही त्यांना दिले. गेलेली वर्षे आता मोजता येणार नाहीत, ज्या दिवशी बिल्ला नव्हता त्या दिवसाचा आकडा कुठल्याच संगणकात नाही. पुढचे दिवस मोजता येतील. दुसऱ्या दिवशी मावशींनी त्यांच्याबरोबरच्या तिघींना गोळा केले आणि चौघींच्या सहीने एक अर्ज लिहिला: आम्हाला बिल्ला आणि एप्रन द्या, नाहीतर पेशंटला धरायला बोलावू नका. अर्ज आम्हीच लिहून दिला, पण शेवटची ओळ मावशींनी सांगितली. "आमचं नाव वहीत लिहा."

अर्जाची पोच घेतली आहे. उत्तर आले की याच पानावर कळवू.